दोन पानांची वही: विश्वास आणि नीतिमत्त्वाचा अभ्यास घरी कसा घ्यावा

सामान फार लागत नाही. शंभर पानी वही, शिसपेन्सिल आणि घरात असेल ते पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. खोडरबर ठेवू नका, का ते पुढे येईल. आमच्याकडे बुधवारी दिवेलागणीनंतर ओटीवर सात-आठ माणसं बसतात, त्यांच्यासाठी हा अभ्यास बेतला होता. आता आजूबाजूच्या गावांतूनही विचारणा होते, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

मी वेंगुर्ल्याकडची. सत्तावीस वर्षं एका काजू कारखान्यात हजेरी आणि मजुरीचं रजिस्टर लिहिलं. हिब्रू-ग्रीक मला येत नाही. त्यातलं जे चार शब्द कळलं ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं डोकं खाऊन, बाकीचं रजिस्टरने शिकवलं. नीतिमत्त्व हा शब्द आमच्या पोरांना इस्त्रीच्या सदऱ्यासारखा वाटतो. रविवारी घालायचा, घरी आलं की खुंटीला. आणि विश्वास म्हटलं की डोळे गच्च मिटायचे. हे दोन्ही समज व्याख्या सांगून जात नाहीत, मी सांगून पाहिल्यात.

म्हणून पहिल्या बुधवारी पुस्तक बंदच ठेवा. सगळ्यांना उभं करा, दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ धरायला सांगा आणि घड्याळाकडे बघा. दोन मिनिटं सगळे हसतात. तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते, पाचव्यापर्यंत निम्मे हात कानाच्या खाली आलेले असतात. आता हात खाली आलेल्यांपैकी दोघादोघांनी, अजून हात वर असलेल्या एकेकाची कोपरं धरायची. मग पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा १७वा अध्याय काढा. इस्राएल लोकांची अमालेक्यांशी लढाई चालू आहे, त्यांचा पुढारी मोशे याचे हात वर आहेत तोवर इस्राएलाची सरशी होते, आणि हात तर दुखून खाली येतायत. त्याचे साथीदार अहरोन आणि हूर त्याच्या बुडाखाली दगड सरकवतात आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले, असं बाराव्या ओवीत आहे. त्या ‘स्थिर’साठी हिब्रूत शब्द आहे एमुना. आणि ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे जे हबक्कूक २:४ मध्ये आहे, तिथे विश्वासासाठी हाच शब्द आलाय. हीच ओळ पुढे नव्या करारात तीनदा येते: रोमकरांस १:१७, गलतीकरांस ३:११, इब्री १०:३८. तिन्ही जागा पोरांना शोधू द्या.

एक म्हातारे मामा आमच्यात येतात, त्यांचा खांदा धरलेला आहे. त्यांना उभं करू नका, बसूनच हात धरू द्या. मोशेलाही बसवलंच होतं.

दुसरा बुधवार खळ्यात. हा पाठ पावसाळ्यात घेण्यात अर्थ नाही, आम्ही दिवाळीनंतर घेतो, तेव्हा आभाळ धुतल्यासारखं असतं. लाईट गेलेली असेल तर फारच उत्तम. उत्पत्ती १५, ओवी १ ते ६ आत बसून वाचायच्या आणि मग बाहेर येऊन तारे मोजायचे. खरोखर मोजायचे, मोठ्याने. कुणी दीडशेपर्यंत जातं, कुणी त्याआधीच चुकतं. अब्राम (पुढे याचंच नाव अब्राहाम झालं) पंच्याहत्तर वर्षांचा असताना हारान सोडून निघालेला, मूल नाही, वारस म्हणून घरचा चाकर लागणार अशी वेळ, आणि देव त्याला सांगतो, मोजवत असतील तर तारे मोज, तुझी संतती अशी होईल. अब्रामाने या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि देवाने तेच त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणलं. बास. त्या रात्री त्याने काही केलेलं नाही. फक्त मान वर करून उभा होता.

इथे एक गंमत सांगावी, माणसं जागी होतात. तारे मोजण्याचं क्रियापद वेगळं आहे आणि नीतिमत्त्व गणण्याचं वेगळं. दुसरं आहे ‘हाशव’, म्हणजे मानणं, धरणं, हिशेबात घेणं. आपला ‘हिशेब’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याचं अरबी मूळ या हिब्रू हाशवचं सख्खं भावंड. पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. सत्तावीस वर्षं जो शब्द दिवसातून शंभरदा तोंडात होता, तो अब्राहामाच्या गोष्टीत बसलेला!

तिसऱ्या बुधवारी वही उघडा आणि वयं मांडा. पहिला मुलगा इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ (उत्पत्ती १६:१६). सुंता झाली तेव्हा ९९ (१७:२४). इसहाक झाला तेव्हा १०० (२१:५). इसहाकाचा बळी द्यायला त्याला घेऊन तो मोरिया प्रांतातल्या डोंगराकडे निघाला तेव्हाचं वय दिलेलं नाही, पण मुलगा लाकडांचा भार उचलण्याइतका मोठा झालेला होता (२२:६). आता विचारा, ताऱ्यांची रात्र यात कुठे बसते? इश्माएलच्याही आधी. म्हणजे सुंतेच्या निदान तेरा वर्षं आधी. रोमकरांस हे पत्र लिहिणारा पौल ४:१० मध्ये नेमकं हेच बोट ठेवतो: गणलं गेलं ते सुंतेच्या आधी की नंतर? आणि याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो, अब्राहाम क्रियांनी नीतिमान ठरला की नाही, तेव्हा तो इसहाकाच्या वेदीकडे बोट करतो, म्हणजे २२व्या अध्यायाकडे, आणि १५व्यातलं वचन तिथे पुरं झालं असं सांगतो. पौल आणि याकोब यांना एकमेकांसमोर उभं करून भांडायला लावणारी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांच्या हातात ही वयांची यादी द्या. दोघेही एकाच माणसाबद्दल बोलतायत, वेगवेगळ्या वयातल्या.

चौथा बुधवार माझा लाडका. रोमकरांस ४ संपूर्ण वाचायचा आणि ‘गणणे’, ‘हिशेबी धरणे’ अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची. ग्रीकमध्ये या एका अध्यायात ‘लोगिझोमाय’ हे हिशेबाचं क्रियापद ११ वेळा आलंय. मराठी भाषांतरात आकडा थोडा मागेपुढे होईल, होऊ द्या.

मग चौथी आणि पाचवी ओवी. इथे मी रजिस्टरचं पान काढून दाखवते. आडवे रकाने असे: टोकन नंबर, नाव, सोललेला अख्खा गर, पाकळी, तुकडा, दर, रक्कम, सही किंवा अंगठा. फोडणीवर बसणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलाने काळे होतात, कातडी सोलवटते, म्हणून बोटांना राख चोळून बसतात. सोलणीवाल्यांचं काम त्या मानाने स्वच्छ, पण गर मोडला की अख्ख्याचा तुकडा होतो आणि दर उतरतो. शनिवारी पाकीट हातात पडतं तेव्हा मालक उपकार करत नाहीत, देणं फेडतात. पौल हेच म्हणतो: काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा म्हणून धरली जात नाही, ऋण म्हणून धरली जाते. आणि पुढच्याच ओवीत, जो काम न करता अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. माझ्या रजिस्टरात यासाठी रकाना नव्हता. कुठल्याच रजिस्टरात नसतो.

लोकांना हे पटत नाही, आणि पटू नये इतकं ते विचित्र आहेच. तेव्हा रापण आठवायला सांगा. दोन बाजूंनी दोर ओढत जाळं किनाऱ्याला येतं, मासळी वाळूवर पडते आणि वाटे पडतात. शेवटच्या दहा मिनिटांत येऊन दोराच्या शेपटाला लोंबकळलेल्या पोराच्या हातातही चार बांगडे पडतातच. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात (मत्तय २०) संध्याकाळी पाचाच्या सुमाराला लागलेल्या मजुराला पूर्ण दिवसाचा एक दिनार मिळतो तेव्हा पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. आमच्याकडेही कुरकुरतात. पण दृष्टांत ताणू नका, रापणीतही मालकाचा वाटा वेगळा निघतो आणि त्यावरून वाद होतात, तो विषय ओटीवर निघाला तर बुधवार गेलाच.

कुणीतरी विचारणारच, मग चांगलं वागायचं कशाला? शाबासकी द्या आणि रोमकरांस ६:१ उघडा, पौलाला हाच प्रश्न तिथे अपेक्षित होता.

इथे मी पंडिता रमाबाईंची गोष्ट घालते. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ साली झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, शास्त्र वाचलेलं, काम हातात घेतलेलं. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला आठेक वर्षांनी. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या बायका-मुलींना दिलेला आसरा, मूळ भाषांवरून केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर, जे त्या १९२२ साली वारल्या तोवर हातात होतं, हे मोठं काम त्यानंतरचं आहे. कष्ट आधीही होतेच. त्या कष्टांनी देवाकडे काही जमा करायचं आहे ही धडपड तेवढी गेली. बाकी त्यांच्याविषयी बोलायला लागले तर मी थांबत नाही, तेव्हा पुढे.

आमच्यात एक कॅथलिक शेजारीण येते, वर्षभर नियमाने, आणि खायला काहीतरी घेऊनच. तिच्यासमोर लूथर विरुद्ध रोम असा फड लावू नका. १५१७ साली वाद पेटला, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली या विषयावर आपलं म्हणणं मांडलं, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात लूथरन आणि कॅथलिक या दोघांनी मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की आपल्या पुण्याईने नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने आपला स्वीकार होतो. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण आमच्या ओटीवरच्या माणसांना भांडायला जेवढं लागतं तेवढं उरलं नाही.

आता वहीचं खरं काम. मधलं पान उघडा, म्हणजे डावं-उजवं समोरासमोर येतं. डाव्या पानावर ‘देव’, उजव्यावर ‘माणसं’. डाव्या पानावर वर रोमकरांस ४:५ लिहा आणि खाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढा. हिशेब लिहिणाऱ्यांना ही रेघ ठाऊक असते. पान रिकामं राहिलं तर नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून ओढतात. त्या पानावर उपास, दशांश, पाठ केलेली स्तोत्रं, कुणाच्या आजारपणात काढलेल्या रात्री, काहीच लिहायचं नाही.

उजव्या पानावर मात्र नावं. कुणाचं काय देणं आहे ते. उसना आणलेला नारळसुद्धा. आपल्या भागात पहिली ओळ बहुतेकांची आंब्याची निघते. पेटीतला वरचा थर चोख आणि खाली डागी, किंवा बाहेरून आलेला आंबा आपल्या गवतात पिकवून ‘देवगड’ म्हणून विकलेला. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कायद्याचं कायदा बघेल, पण नीतिसूत्रे ११:१ मधला खोटा तराजू त्याच्या कितीतरी आधीचा आहे. एकाने ओटीवर बसून सरळ विचारलं, “सगळेच करतात, मग पेटी खपवायची कशी?” मी म्हटलं, मला माहीत नाही, मी बागायतदार नाही. पण त्याने वहीत ओळ लिहिली.

परतफेड कशी करायची याचे नियम शास्त्रात दिलेत, आपल्या मनाने करू नका. लेवीयच्या सहाव्या अध्यायात मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा असं सांगितलंय. जकातदार जक्कयाने लूक १९ मध्ये चौपट कबूल केली, पण एक बघा, येशू त्याच्या घरी आधी उतरला आणि त्याचं तोंड मग उघडलं. माणूस वारला असेल तर जवळच्या नातलगाला द्यायचं, नातलगच नसेल तर गणना ५:८ प्रमाणे ते याजकाकडे जातं. आम्ही ते मंडळीच्या गरिबांसाठीच्या पेटीत टाकतो, स्वतःच्या नावाची पावती न घेता. आपल्या कबुलीने तिसऱ्याच्या घरात आग लागणार असेल तर आधी पाळकसाहेबांशी बोला. आणि जाताना भाषण पाठ करून जाऊ नका. मत्तय ५:२३-२४ मध्ये दान वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा म्हटलंय. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमात, म्हणजे तीन-चार दिवसांची चाल. येशू लोकांना परत फिरायला सांगत होता तो एवढ्या वाटेवरून.

माझ्या उजव्या पानावर पहिली ओळ होती ‘८ किलो’.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सोलणीच्या एका बाईचे आठवड्याचे १९ किलो मी ११ लिहिले. वजनाच्या चिठ्ठीवरच्या ९चा फाटा पुसट होता, मला तो १ दिसला. इथवर चूक. पण सोमवारी ती चिठ्ठी घेऊन आली, दाखवलं, आणि मी म्हटलं की टोटल झाली, रजिस्टर बंद झालं. टोटल फिरवायची तर साहेबांपुढे जावं लागलं असतं आणि त्याच महिन्यात माझी आणखी एक चूक निघाली होती. दर साडेचार रुपये. छत्तीस रुपये तिचे गेले, माझ्या खिशात आले नाहीत, म्हणून मी कितीतरी वर्षं त्याला चोरी म्हटलं नाही.

वही सुरू केली तेव्हा ती ओळ लिहून वर्षभर तशीच ठेवली. खोडरबर असता तर खोडली असती, म्हणून तो नको म्हणते. मग कारखान्यात जाऊन आजचा दर विचारला, आठ किलोचे १६० झाले, पाचवा हिस्सा ३२, एकूण १९२. ती शिरोड्याकडे लेकीजवळ राहते असं कळलं. तासाभराची एसटी. दारात शेंगा वाळत घातल्या होत्या, ती त्यातच बसलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मी नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं, शंभराच्या दोन नोटा पुढे केल्या आणि म्हटलं, तुझे अकरा लिहिले होते ते...

“एकोणीस होते ते,” ती म्हणाली. मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “मियां तुका तेव्हाच सांगितलंय. तू म्हणालंस, टोटल झाली.”

मी १९२चा हिशेब सांगितला. तिने तो बोटांवर पुन्हा केला. उठली, आत गेली, डब्यातून सुटे आठ रुपये काढून आणले आणि माझ्या हातावर मोजले. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. मी निघाले तेव्हा लेकीला हाक मारून कुळथाच्या पिठीची पुडी बांधायला लावली. मी पैसे विचारले, सवयीने.

“गप ऱ्हव गो,” म्हणाली, “ह्येचे कसले पैसे?”

घरी येऊन वही उघडली. उजव्या पानावरची ओळ काटली. मग, खरं सांगते, हात डाव्या पानाकडे गेला. तारीख लिहिण्यापुरता. शिरोडा, १९२, एवढंच लिहायचं होतं. पेन्सिल टेकवली तर खाली ती तिरकी रेघ आली. डाव्या पानावर तो ठिपका अजून आहे, बुधवारी नवीन कुणी आलं की दाखवते.

पिठी कुठल्याच पानावर लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी पातळ केली, दोन कोकमं टाकून, भाताबरोबर.